गिअर पडेना

पळसदरीच्या चढावर गाडीनं ओढायचं सोडलं तेव्हा मागे साजगावच्या कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या बायका बसल्या होत्या. मी अॅक्सिलेटर दाबतेय, इंजिन ओरडतंय आणि गाडी मात्र चालत्या माणसाच्या बरोबरीनं वर सरकतेय. जळका वास आला. मागच्या सीटवर एक बाई बसायची, रोज सगळ्यात आधी चढणारी आणि सगळ्यात जास्त बोलणारी. ती म्हणाली, "गाडी पण कंटाळली बघ तुला." बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. क्लच प्लेट संपली होती हे मला कळलं होतं, आणि ती बदलायला गाडी कुणाच्या दारात न्यावी लागणार हेही कळलं होतं.

दहिवलीत आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर, थोडं पुढे, माझ्या थोरल्या दिरांचं गॅरेज आणि घर आहे. मी त्यांना भावजी म्हणते. ते मला काहीच म्हणत नाहीत. माझं लग्न झालं तेव्हा बरे बोलायचे, चहा मागायचे, माझ्या भिवपुरीच्या माहेरची चौकशीही करायचे. मी गाडीचं स्टिअरिंग हातात घेतलं आणि ते सगळं बोलणं बंद झालं.

गाडी म्हणजे सात सीटची व्हॅन. आधी माझे मिस्टर ती चालवायचे, कर्जतकडच्या कामगारांना साजगावला सोडायचे, आणायचे. पुढे त्यांनाच तिथल्या एका कारखान्यात कायमची नोकरी लागली आणि गाडी दारात उभी राहिली. भावजींनी मनात पक्कं धरलं होतं की आता ही गाडी आणि ही कामगारांची लाइन त्यांच्या मेहुण्याला, माझ्या जावेच्या भावाला, मिळणार. तसा शब्द त्यांना कुणी दिला नव्हता. माझ्याकडे लायसन होतं. मी म्हटलं, मी चालवते. मिस्टर म्हणाले, चालव.

त्याच संध्याकाळी अंगणात मी वाळलेले कपडे काढत असताना भावजी माझ्या मिस्टरांना म्हणाले, "बायकोला डायवर केलंस? उद्या मला भांडी घासायला लाव." मी चार हातांवर उभी. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून मला काही सांगायचं झालं की ते मिस्टरांना सांगत, "सांग तिला." मिस्टर नसले तर सासूबाईंना. सासूबाई नसल्या तर भिंतीकडे तोंड करून बोलत. मीही कमी नव्हते. ते दारात दिसले की मी गाडीचा हॉर्न गरज नसताना वाजवायची.

म्हणून मला गाडी त्यांच्याकडे न्यायचीच नव्हती. खोपोलीत टाकू म्हटलं. मिस्टर म्हणाले, "घरात गॅरेज असताना बाहेर गाडी टाकली तर दादाचं नाक कापल्यासारखं होईल. त्याचं मन राख एकदा." मी मन राखलं. गाडी दिली.

ती परत आणायला आम्ही दोघं गेलो तेव्हा गॅरेजसमोरच्या बाकड्यावर नेहमीची रिकामटेकडी मंडळी बसलेली होती. मी बसले, गाडी चालू केली, क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकायला गेले. गिअर पडेना. दांडा पुढे जाऊन दगडाला टेकावा तसा थांबत होता. रिव्हर्स टाकून बघितला तर करकर असा आवाज आला की बाकड्यावरच्या एकानं कानावर हात ठेवला.

भावजी हात पुसत आले आणि मिस्टरांना म्हणाले, "सांग तिला, क्लच पूर्ण दाबायला. नवी प्लेट हाय. पायात जोर लागतो."

"पूर्णच दाबलाय," मी म्हटलं.

"सांग तिला, गाडी चालवायला पाय लागतात, तोंड नाय."

बाकड्यावर हशा पिकला. भावजींनी मला उतरायची खूण केली, स्वतः बसले, दात ओठ खाऊन दांडा ओढला. एक घाणेरडा आवाज झाला आणि गिअर पडला. "हे बघ," ते मिस्टरांना म्हणाले, "पडला का नाय? नवी हाय, बसायला वेळ घेते. दोन-चार दिवसांत मोकळी होईल." आणि आत गेले. गाडी घरापर्यंत आणताना माझ्या हाताला कळ लागली. मिस्टर बाजूला बसून रस्ता बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका ठरल्या जागी रस्त्यावर उभ्या आणि मी इकडे अंगणात गाडीशी झोंबतेय. इंजिन बंद असलं की सगळे गिअर अलगद पडायचे, पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत. इंजिन चालू केलं की एकही नाही. आदल्या दिवशी घरी आल्यावर मी मोबाईलवर एका हिंदी बोलणाऱ्या मेकॅनिकचे व्हिडिओ बघितले होते. तो सांगत होता की क्लच दाबल्यावर इंजिन आणि गिअर बॉक्स एकमेकांपासून सुटे व्हायला पाहिजेत. सुटे होत नसतील तर चालू गाडीत गिअर पडणारच नाही. ते ओळखायची एक युक्तीही त्यानं सांगितली होती: गाडी बंद असताना पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. क्लच सुटत असेल तर गाडी जागची हलणार नाही.

मी तसं केलं. क्लचवर दोन्ही पाय ठेवून दाबला म्हटलं तरी चालेल. किल्ली फिरवली आणि गाडीनं पुढे उडी मारली. अंगणातलं पाण्याचं निळं पिंप आडवं झालं, सगळं पाणी ओट्याखालच्या सरपणात गेलं. सासूबाई बाहेर आल्या त्या ओरडतच.

"मारतेस का काय गं आमाला?"

"आई, बघितलंत ना? क्लच दाबलेला असताना गाडी पुढे गेली. काम चुकलंय."

"काम नाय चुकलं, तुझं डोकं चुकलंय! तो वीस वर्षं हेच करतोय. तू कधीपासनं करतेस?"

मी फोन करून बायकांना सांगितलं की आज गाडी येणार नाही. त्या मागच्या सीटवरच्या बाईनं एवढंच म्हटलं, "आमाला माहीत हाय. दुसरी आली." दुसरी म्हणजे कुठली, हे मला थोड्या वेळानं रस्त्यावरच दिसलं. भावजींच्या मेहुण्याची; मधल्या काळात त्यानं स्वतःची गाडी घेतली होती. माझ्याच बायका भरून, माझ्याच वेळेला, आमच्या दारावरून गेली. मेहुण्यानं हॉर्न वाजवला.

तिथे माझं डोकं फिरलं. तोपर्यंत मी काम चुकलं म्हणत होते. त्या हॉर्ननंतर माझी खात्री झाली की काम चुकलं नाही, मुद्दाम बिघडवलं. गाडी अडकवायची, आठवडाभर रखडवायची, तोवर बायकांना मेहुण्याच्या गाडीची सवय होईल, मग माझी लाइन गेली. हे सगळं मला लख्ख दिसायला लागलं. मिस्टर शिफ्टवरून आल्याआल्या मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तू काय पण बोलतेस. दादा असं करणार नाय."

"मग गिअर का पडत नाही?"

त्यांनी भावजींना बोलावून आणलं.

भावजी आले, गाडीखाली शिरले. क्लचची वायर ताणली. गिअर पडेना. आणखी ताणली. पॅडल दगडासारखं कडक झालं, तरी पडेना. वायर लांबली असेल म्हणून नवी टाकली. तरी तेच. त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. मी ओट्यावर हाताची घडी घालून उभी होते आणि मला, खरं सांगते, त्यांच्या घामाचा आनंद होत होता. पण हा माणूस नाटक करतोय असंही वाटत होतं. बिघाड कुठे आहे हे ज्याला माहीत आहे तो वायर बदलत बसला होता, एवढाच अर्थ मी लावला.

शेवटी ते उठले आणि मिस्टरांना म्हणाले, "प्लेटचा काय संबंध नाय. गिअर बॉक्स गेलाय. आतले दात खाल्लेत. ज्यानं चालवली त्यानं खाल्लेत."

"माझ्या हातात होती तेव्हा गिअर नीट पडत होते," मी म्हटलं. "गाडी ओढत नव्हती, पण गिअर पडत होते. तुमच्याकडून आली आणि पडायचे थांबले. गिअर बॉक्स गेला असता तर इंजिन बंद असताना तरी कसे पडले असते?"

ते मिस्टरांकडे बघत हसले. "मोबाईलवर मेकॅनिक झाली रं तुझी बायको."

"खालापूरला नेते मी गाडी. तिथे उघडून बघू काय खाल्लंय ते."

भावजींचं हसू गेलं. "माझं काम दुसऱ्याच्या हातात उघडणार? सांग तिला," ते आता मिस्टरांवर ओरडले, "सांग, तसं केलं तर माझ्या दारात पाय ठेवायचा नाय कुणी."

त्यावरून घरात जेवणापर्यंत भांडण चाललं. मिस्टर म्हणत होते घरातलं घरात राहू दे. सासूबाई म्हणत होत्या की मी घर फोडायला आलेय आणि गाडी हे फक्त निमित्त आहे. मी म्हटलं, तुमचा मुलगा मुद्दाम करतोय. त्यांनी हातातला आमटीचा डाव माझ्याकडे फेकला. लागला नाही, पण फेकला.

दुसऱ्या दिवशी मिस्टरांना सुट्टी होती. मी गाडीत बसले तेव्हा ते येऊन बाजूला बसले. माझ्या बाजूनं आले होते का माझ्यावर लक्ष ठेवायला, हे मी विचारलं नाही.

क्लच सुटत नसलेली गाडी चालवता येते, फक्त थांबता येत नाही. बंद गाडीत पहिला गिअर टाकायचा, स्टार्टर मारायचा, गाडी धक्के खात निघते. वेग आला की अॅक्सिलेटर सोडून नेमक्या क्षणी दांडा दुसऱ्यात ढकलायचा. जमला तर अलगद जातो, नाही जमला तर आतून शिव्या ऐकू येतात. दुसऱ्यात पडला की मग तिथेच राहायचं. मी दहिवलीपासून खोपोलीपर्यंत दुसऱ्यावर आले. मागून ट्रक हॉर्न मारत होते. पळसदरीला एका टेंपोवाल्यानं पुढे जाता जाता खिडकीतून हात काढून कपाळावर मारून दाखवला. मिस्टर एकदाच बोलले: "हळू." मी त्याहून हळू जाऊ शकत नव्हते.

खोपोलीच्या बाजारात व्हायचं तेच झालं. पुढची रिक्षा थांबली, मला ब्रेक मारावा लागला, गाडी बंद. पुन्हा पहिला गिअर, स्टार्टर, धक्का. पुन्हा ब्रेक. लोक मला बघून बाजूला होत होते. एक जण ओरडला, "साहेब, तुमी चालवा ना, बाईला कशाला देता?" मिस्टरांनी त्याच्याकडे बघितलं आणि काच वर केली. त्या दिवसात त्यांनी माझ्यासाठी केलेली ती पहिली गोष्ट.

खालापूरचा मेकॅनिकही काही गोड माणूस नव्हता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दुसऱ्यानं केलेलं काम मी उघडत नाय. उद्या तो बोलणार, यानंच बिघडवलं." मी म्हटलं, आम्ही दोघं इथेच उभे राहतो, आमच्या डोळ्यांसमोर उघडा. "उभे राहून माझं डोकं खाणार," तो म्हणाला. पण त्यानं गाडीत बसून एकदा किल्ली फिरवली, रिव्हर्सचा आवाज ऐकला, आणि बहुतेक त्याचीही उत्सुकता चाळवली. गाडी उचलून लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर चढवली.

गिअर बॉक्स अजून खाली यायचा होता तेव्हाच भावजींची मोटारसायकल आली. त्यांना कुणी कळवलं हे मला माहीत नाही. सासूबाईंनीच कळवलं असणार. ते उतरले आणि सरळ मेकॅनिकला म्हणाले, "हात लावू नको. घरची गाडी हाय."

"घरची हाय तर घरी का नाय नीट झाली?" मेकॅनिक गाडीखालून म्हणाला.

"तू बाहेर ये, मग सांगतो."

"आलो असतो, पण हातात तुझंच काम हाय."

मला वाटलं आता मारामारी होणार. मिस्टर मध्ये उभे राहिले. तेवढ्यात गिअर बॉक्स खाली आला, मेकॅनिकनं बाकीचे बोल्ट काढले आणि क्लच प्लेट बाहेर घेतली. बाहेर आल्यावर त्यानं ती आम्हाला दाखवली नाही, आधी स्वतःच उलटसुलट करून बघितली. मग मोठ्यानं हसला. फार वाईट हसला.

प्लेटच्या मधोमध स्प्रिंगचा उंच भाग असतो. तो गिअर बॉक्सच्या बाजूला यायला हवा. तो इंजिनाच्या बाजूला होता. म्हणजे प्लेट उलटी बसवली होती. वर आलेल्या स्प्रिंगा इंजिनाच्या चाकावरच्या बोल्टांना घासून चकचकीत झाल्या होत्या. क्लच कितीही दाबा, वायर कितीही ताणा, सुटायला आत जागाच नव्हती. प्लेटवर कुठली बाजू कुठे यायची हे छापलेलंसुद्धा होतं. मेकॅनिकनं त्या अक्षरांवरची काजळी अंगठ्यानं पुसली आणि प्लेट भावजींच्या समोर धरली.

"वाचता येतंय ना?" तो म्हणाला. "का माझ्याकडचा कुणी पाठवू वाचून दाखवायला?"

भावजींचं तोंड काळंठिक्कर पडलं. ते प्लेटकडे बघत राहिले. त्या क्षणी मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मी जे बघितलं त्यानं माझी सगळी खात्री डळमळली. पकडला गेलेला माणूस असा दिसत नाही. त्यांना ते माहीतच नव्हतं. वीस वर्षं क्लच प्लेट टाकणाऱ्या माणसानं प्लेट उलटी टाकली होती आणि ते त्याला आत्ता, परक्या गॅरेजात, दुसऱ्या मेकॅनिकच्या हसण्यातून कळत होतं.

मग ते माझ्याकडे वळले. माझ्याकडे. मिस्टरांकडे नाही.

"चुकून नाय बसली," ते म्हणाले. "मीच बसवली तशी. मुद्दाम. तुला धडा मिळायला पाहिजे होता."

मेकॅनिकचंसुद्धा हसू थांबलं. आदल्या दिवसापासून मी हेच सगळ्यांना ओरडून सांगत होते, आणि आता ते स्वतः कबूल करत होते तर माझा त्यावर विश्वास बसेना. माझ्यासमोर चुकलो म्हणायचं, त्यापेक्षा नीच ठरलेलं त्यांना परवडत होतं. इतका त्या माणसाला माझा तिटकारा होता. मला संताप आला, पण आधीचा नव्हे, दुसराच. आधीचा संताप सोपा होता.

"खोटं बोलताय तुम्ही," मी म्हटलं. "तुम्हाला कळलंच नव्हतं. काल घामाघूम होऊन वायरी बदलत होतात."

"मुद्दाम केलं बोललो ना!"

मिस्टर भावजींकडे वळले. लग्न झाल्यापासून त्यांनी भावाला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला नाही.

"दादा, तू निघ इथनं."

"तू मला निघ बोलतोस?"

"चुकलं असतं तर मी तुझ्या बाजूनं उभा राहिलो असतो रं. तूच बोलतोस मुद्दाम केलं. निघ."

भावजींनी मोटारसायकलला किक मारली, दोनदा लागली नाही, तिसऱ्यांदा लागली. गेले.

मेकॅनिकनं घासलेली प्लेट बाजूला टाकली आणि दुसरी घातली. गाडी खाली आली, मी बसले, चालू केली, पहिला गिअर टाकला. पडला. आवाजही नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मेकॅनिक म्हणाला, "आता तरी हसा," तर मी त्याच्यावरच खेकसले. परतीच्या रस्त्यात मिस्टर पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. पळसदरीला म्हणाले, "मी बोललो ते बरोबर बोललो का?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

घरी वेगळीच गोष्ट आमच्या आधी पोचली होती. भावजींनी सासूबाईंना सांगितलं होतं की खालापूरच्या मेकॅनिकनं गाडीखाली लपून प्लेट उलटी केली आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना चारचौघांत नागडं केलं. गॅरेजच्या बाकड्यावर तिसरी गोष्ट चालली, की कंपनीचा मालच सदोष आला. मुद्दाम केलं हे वाक्य त्यांनी खालापूरच्या बाहेर कधीच उच्चारलं नाही. मिस्टरांनी आईला खरं सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "माझा थोरला असं करणार नाय," आणि यावेळी मला ते पटत होतं, पण त्यांना तसं सांगायला माझी जीभ वळली नाही. का सांगू? डाव माझ्यावर फेकला होता.

बायका सगळ्या परत आल्या नाहीत. ती मागच्या सीटवरची मात्र आली. मेहुणा गाणी फार मोठ्यानं लावतो म्हणाली. दोनेक महिन्यांनी मेहुण्यानं वेळा पाळायच्या सोडल्या तशा आणखी काही आल्या. मी कुणाला काही विचारलं नाही, पण ज्या आधी गेल्या होत्या त्यांना पुढची सीट कधी दिली नाही.

आमच्याकडे गणपती एकच असायचा, थोरल्यांच्या घरी. दोन्ही घरं तिथे राबायची. मोदकांची उकड मी काढायची, जाऊ वळायची. त्या वर्षी भावजींनी निरोप पाठवला की तुमचा गणपती तुम्ही बघा. निरोप मिस्टरांनाच दिला, नेहमीसारखा. मिस्टर पेणहून मूर्ती घेऊन आले, मांडीवर धरून, गाडी मी चालवत होते. घरात आल्यावर कळलं की गणपती कुठे बसवायचा, पहिली आरती कुणी म्हणायची, आमच्यातल्या कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. ते सगळं भावजी करायचे. सासूबाई त्यांच्याकडे आरतीला गेल्या, मग आमच्याकडे आल्या, कोपऱ्यात बसल्या, आणि माझ्या हातचे मोदक कडक झालेत असं म्हणाल्या. झाले होते.